स्फटिकापासून फाइलीपर्यंत

हौशी बिनतारी प्रक्षेपकाच्या हातात आज दिसणारे यंत्र मुठीत मावते. त्याच्या पोटात शंभराहून अधिक चॅनेलांचे पत्ते साठवलेले असतात. बटण दाबले की इवल्याशा पडद्यावर एकामागून एक नावे सरकू लागतात आणि हव्या त्या नावावर थांबून बोलायला सुरुवात करता येते. हे पत्ते संगणकावरील एका फाइलीत लिहिले जातात आणि तेथून तारेवाटे यंत्रात उतरवले जातात. काम फार तर दहा मिनिटांचे. परंतु या दहा मिनिटांच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. बिनतारी यंत्राने आपला पत्ता कशात साठवून ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने निराळे दिले. प्रत्येक उत्तरागणिक माणसाचे श्रम कमी झाले. जबाबदारी मात्र कमी झाली नाही. किंबहुना ती वाढली, असेच मला आजच्या भाषणात सुचवावयाचे आहे.

हौशी प्रक्षेपक म्हणजे सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन, रीतसर परवाना घेऊन, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता बिनतारी संदेशवहन करणारा नागरिक. जगभर या मंडळींना ‘हॅम’ या लाडक्या नावाने ओळखतात. आपल्या देशात कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली या छंदाचा पाया घातला. दोन हौशी प्रक्षेपकांना एकमेकांशी बोलावयाचे, तर दोघांची यंत्रे एकाच कंप्रतेवर, म्हणजे दर सेकंदाला ठराविक इतक्याच कंपनांवर, जुळलेली असावी लागतात. ही कंप्रता हाच बिनतारीच्या जगातील पत्ता. पत्ता चुकला की पत्र जसे भलत्याच्या दारी जाते, तसेच येथेही होते. फरक इतकाच की येथे पत्र परत येत नाही, नुसती शांतता ऐकू येते.

आरंभीच्या काळी हा पत्ता यंत्रात साठवलेलाच नसे. तारेचे वेटोळे आणि फिरते धारित्र यांच्या मेळातून कंप्रता निघे. तबकडी फिरवून ती साधावयाची, आणि साधली की तबकडीच्या कडेला पेन्सिलीने खूण करून ठेवावयाची. पण यंत्र तापले की तीच खूण खोटी ठरे, कारण उष्णतेने कंप्रता हळूहळू सरकत जाई. म्हणजे या पहिल्या अवस्थेत स्मरण होते ते प्रक्षेपकाच्या डोक्यात, कानात आणि वहीत. यंत्र स्वतः विसराळूच होते.

या विसराळूपणावर उपाय निघाला तो स्फटिकातून. जाक आणि प्येर या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते की, काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्भार प्रकट होतो. याच्या उलटही घडते. स्फटिकाला विद्युत्दाब दिला की तो अंग चोरतो किंवा फुगवतो. १९२१ च्या सुमारास वॉल्टर केडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने या गुणाचा उपयोग करून क्वार्ट्झच्या चकतीवर चालणारे दोलक मंडल सिद्ध केले. क्वार्ट्झची पातळ चकती विजेने नाचवली, तर ती आपल्या जाडीने ठरवून दिलेल्या एकाच लयीत नाचते आणि ती लय सहसा सोडत नाही. चकती जितकी पातळ, तितकी कंप्रता अधिक. यंत्राला पहिली खरीखुरी आठवण लाभली ती या दगडाच्या रूपाने.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची बिनतारी यंत्रे या स्फटिकांवरच चालली. कच्चा क्वार्ट्झ मुख्यतः ब्राझीलमधून येई आणि त्यापासून कोट्यवधी चकत्या घडवल्या जात. युद्ध संपल्यावर यातला मोठा साठा मोडीच्या भावात बाजारात आला आणि हौशी मंडळींनी तो आनंदाने उचलला. दोन खिळ्यांची ती काळी डबी यंत्रात खोचली की पत्ता ठरला. हवा तो पत्ता मिळाला नाही, तर डबी उघडून, काचेवर बारीक भुकटी आणि पाणी घेऊन ती चकती हाताने घासावयाची. जाडी कमी झाली की कंप्रता वर चढे. प्रमाणाबाहेर घासली गेली, तर चकतीवर पेन्सिलीचे शिसे फासावयाचे. त्या किंचित वजनाने कंप्रता खाली उतरे. एक स्फटिक, एक पत्ता. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली असे आणि ती कोणासाठी घासली, केव्हा घासली, हे घासणाऱ्याच्या पक्के ध्यानात असे.

१९६० च्या दशकापासून अमेरिकेत एक नवी पद्धत रुजू लागली. टॅक्सीवाल्यांनी आणि पोलीस खात्यांनी मोडीत काढलेली यंत्रे हौशी प्रक्षेपकांनी दुरुस्त करून आपल्या दोन मीटर लहरलांबीच्या पट्ट्यात आणली. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून डोंगरमाथ्यावर एक यंत्र ठेवावयाचे, त्याने एका कंप्रतेवर ऐकावयाचे आणि ऐकलेले तेच शब्द त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक जोराने बोलावयाचे, अशी युक्ती निघाली. यालाच रिपीटर म्हणतात. अमेरिकेत १४६.३४ मेगॅहर्ट्झवर बोलावयाचे आणि १४६.९४ वर ऐकावयाचे, ही जोडी इतकी रूढ झाली की ‘तीन-चार, नऊ-चार’ एवढे म्हटले की पुरे होई. पत्ता आता एका आकड्याचा राहिला नव्हता. बोलण्याचा आकडा वेगळा आणि ऐकण्याचा वेगळा, म्हणून प्रत्येक चॅनेलासाठी दोन स्फटिक आले. ते कारखान्याकडून टपालाने मागवावयाचे आणि वाट पाहावयाची. सहा किंवा बारा चॅनेलांचे यंत्र पूर्ण भरणे हे खर्चाचे आणि धीराचे काम होते.

त्यातच पत्त्याला तिसरे अंग जोडले गेले. एकाच कंप्रतेवरील दोन रिपीटर एकमेकांच्या हद्दीत घुसू नयेत, किंवा भलत्याच खरखरीने रिपीटर जागा होऊ नये, यासाठी बोलण्याखाली एक मंद सूर मिसळण्याची व्यवस्था व्यापारी यंत्रांत होती. ती हौशी मंडळींनीही उचलली. साधारण ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा हा सूर ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत येऊ दिला जात नाही, पण रिपीटर तो ओळखतो. योग्य सूर असेल तरच तो दार उघडतो. सूर चुकला, तर कंप्रता अचूक असूनही माणूस दाराबाहेरच राहतो. आणि मौज अशी की, आपण दाराबाहेर आहोत हेही त्याला कळत नाही.

दरम्यान विद्युत्शास्त्राने आणखी एक पाऊल टाकले. एकाच स्फटिकाच्या आधाराने, गणिती भागाकार करीत, शेकडो कंप्रता निर्माण करणारी मंडले १९७० च्या दशकात हौशी यंत्रांत आली. आता प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र दगड लागेना. मंडलाला केवळ एक आकडा सांगावा लागे. तो सांगण्याची एक पद्धत आज ऐकताना गंमत वाटते. आयकॉम या जपानी कंपनीच्या आयसी-२२एस या यंत्रात एक लहानशी फळी असे. तिच्यावर प्रत्येक चॅनेलासाठी डायोडांची एक ओळ. डायोड असला तर एक, नसला तर शून्य. आपल्याला हवी ती कंप्रता द्विमान पद्धतीत कागदावर मांडावयाची आणि डाखणी तापवून त्याप्रमाणे डायोड डाखावयाचे. असे बावीस पत्ते त्या यंत्रात बसत. चॅनेल बदलावयाचे म्हणजे डाख सोडवून पुन्हा डाखावयाचे. पुढे संगणकावर ज्याला प्रोग्रॅमिंग म्हणू लागले, ते येथे अक्षरशः हाताने चालले होते.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मप्रक्रियक आला आणि यंत्र स्वतःहून आठवण ठेवू लागले. यासू कंपनीने आपल्या एका यंत्राला ‘मेमोरायझर’ असेच नाव दिले, यावरून त्या काळी या गोष्टीचे अप्रूप केवढे होते हे ध्यानी येते. परंतु ही आठवण विजेवर जगणारी होती. यंत्र बंद असतानाही तिला वीज लागे, म्हणून पुढच्या काळात आत एक लहानसा लिथियमचा घट बसवला जाऊ लागला. घट काही वर्षांनी संपला की आठवणही जाई. काही यंत्रांत तर यंत्र चालवण्याच्या सूचनाच अशा घटावर जगवलेल्या होत्या. घट संपताच ते संपूर्ण यंत्र निकामी होई. विजेच्या आधाराशिवाय लेखन टिकवून धरणाऱ्या आणि विजेनेच पुसता येणाऱ्या चकत्या स्वस्त झाल्या, तेव्हा हे संकट टळले.

तथापि दुसरी अडचण उभी राहिली. आठवणींच्या जागा दहावरून शंभरावर गेल्या, पण त्या भरण्याची साधने होती तीच: चार बोटांएवढ्या यंत्रावरील काही बटणे. एका चॅनेलासाठी कंप्रता, अंतर, अंतराची दिशा, सूर आणि नाव घालावयाचे तर बटणे दाबता दाबता बोटे थकत. शंभर चॅनेलांसाठी ते कोणी करावे? म्हणून यंत्राला संगणक जोडण्याचा मार्ग निघाला. उत्पादकांनी आपापले प्रोग्रॅम काढले. पण एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसरीच्या यंत्राला चालत नसे, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन यंत्रांनाही दोन वेगळे प्रोग्रॅम लागत. ज्याच्याकडे तीन यंत्रे, त्याने तीच यादी तीनदा लिहावयाची.

हा गुंता सोडवला तो एका हौशी प्रक्षेपकानेच. डॅन स्मिथ या अमेरिकन प्रोग्रॅमलेखकाने २००८ साली ‘चर्प’ नावाच्या प्रोग्रॅमला आरंभ केला आणि तो सर्वांसाठी मुक्त ठेवला. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या यंत्रांची भाषा त्याला शिकवली. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच तक्त्यात लिहिता-वाचता येऊ लागली. त्यानंतर २०१२ च्या सुमारास बाओफेंग या चिनी कंपनीचे यूव्ही-५आर हे अत्यंत स्वस्त यंत्र बाजारात आले. त्यात १२८ स्मरणजागा होत्या. बटणांनी ते भरणे इतके कंटाळवाणे होते की, ज्याने यंत्र घेतले त्याने तार घेतली, आणि ज्याने तार घेतली त्याने बहुधा हा प्रोग्रॅम घेतला. अशा रीतीने चॅनेलांची फाइल हे हौशी प्रक्षेपकाच्या संसारातील नित्याचे भांडे झाले.

आता या फाइलीचे स्वरूप पाहू. आपल्याकडे जुन्या दप्तरखान्यांत अस्सल आणि नक्कल असा भेद काटेकोरपणे पाळला जाई. येथेही तसाच भेद आहे. यंत्रातून जशीच्या तशी उतरवून घेतलेली फाइल, जिला प्रतिमा म्हणता येईल, ती अस्सल. तिच्यात केवळ चॅनेल नसतात. यंत्राच्या साऱ्या अंतर्गत मांडण्याही असतात. म्हणून ती त्याच यंत्राची असावी लागते. बाहेरून जुळ्या भावासारखे दिसणारे यंत्र आतून वेगळ्या आवृत्तीचे असू शकते, आणि एकाची प्रतिमा दुसऱ्यात ओतणे हा धोक्याचा मार्ग आहे. दुसरा प्रकार म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींचा साधा तक्ता. ही नक्कल. एका ओळीत एक चॅनेल: क्रमांक, नाव, कंप्रता, अंतर, सूर, शेरा. ती कोणत्याही यंत्रासाठी वापरता येते, मित्राला पाठवता येते, कागदावर छापता येते. अनुभवी मंडळींचा पहिला नियम असा की, नवे यंत्र हाती येताच आधी त्याची अस्सल प्रतिमा उतरवून, तिला हात न लावता बाजूला ठेवावी. आणि मगच तिच्या नकलेवर काम करावे.

नकलेची सोय मोठी, तसेच तिचे धोकेही मोठे. हिशेबाच्या तक्त्यात ती उघडून एखादा उत्साही गृहस्थ नावांचा रकाना अक्षरक्रमाने लावावयास जातो. बाकीचे रकाने जागच्या जागी राहतात, आणि सगळी नावे भलत्याच कंप्रतांपुढे जाऊन बसतात. तक्ता दिसावयास सुरेख दिसतो, पण त्यातील एकही ओळ खरी नसते. सुरांचे रकाने दोन असतात, आणि त्यांतला कोणता लागू होणार हे तिसऱ्याच रकान्यातील शब्दावर ठरते. केवळ पाठवण्याचा सूर निवडला असेल तर पहिल्या रकान्यातील आकडा घेतला जातो. पाठवण्या-ऐकण्याचा एकत्र सूर निवडला असेल तर दुसऱ्यातील. दुसरा लागू असताना पहिल्यात आकडा बदलणारा मनुष्य आपण चूक सुधारली अशा समाधानात असतो, आणि यंत्र मात्र जुनाच सूर आळवीत राहते. नावांचेही तसेच. वर सांगितलेल्या यंत्रात नावाला रोमन लिपीतील सात अक्षरे मिळतात. तेवढ्यात महाबळेश्वर बसवू गेले तर ‘महाबल’पाशी तुटते. कापलेली नावे पुढे कोणाला ओळखू यावीत, म्हणून शेऱ्याचा रकाना आहे; पण तो भरण्याचा बहुतेकांना आळस.

सर्वांत गंभीर धोका मात्र उसनवारीचा. परदेशी तयार झालेली यादी सहज मिळते आणि ती तशीच यंत्रात उतरवण्याचा मोह होतो. अमेरिकेत १४६.५२ मेगॅहर्ट्झ ही हौशी मंडळींची परस्परांना हाक मारण्याची सर्वमान्य कंप्रता आहे. भारतात दोन मीटरचा हौशी पट्टा १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झ एवढाच आहे. म्हणजे तेथील सभ्य हाक येथे परवान्याबाहेरचे प्रक्षेपण ठरते. स्वस्त यंत्राला या हद्दीशी कर्तव्य नसते. ते १३६ पासून १७४ पर्यंत कोठेही बोलू शकते. कायदा यंत्राला ठाऊक नाही, फाइलीलाही ठाऊक नाही. तो फक्त परवानाधारकाला ठाऊक असतो, निदान असावा.

यात एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. हौशी बिनतारीचे खरे मोल संकटात कळते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे प्रक्षेपण करीत होता. २६ डिसेंबरला भूकंप झाला, सुनामी आली आणि बेटांचा नेहमीचा संपर्क तुटला. छंदासाठी गेलेल्या त्या मंडळींनी छंद बाजूला ठेवला आणि बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले. ते काम झाले ते दूर पल्ल्याच्या लहरींवर, तबकडी फिरवून, कानाने शोधीत, जिवंत ज्ञानाच्या बळावर. तेथे कोणाची उसनी यादी कामास येण्यासारखी नव्हती.

आता निराळे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पूर आलेला आहे. पन्नास स्वयंसेवकांना पन्नास लहान यंत्रे दिलेली आहेत आणि घाई म्हणून सर्वांत एकच फाइल उतरवलेली आहे. त्या फाइलीत रिपीटरचा सूर दोन वर्षांपूर्वीचा आहे. मधल्या काळात तो बदलला. स्फटिकांच्या काळी एकाचा दगड चुकला असता, तर एकच यंत्र मुके झाले असते. येथे एका ओळीतील एका आकड्याने पन्नास यंत्रे एकदम मुकी होतात. बोलणाऱ्याला वाटते, पलीकडे कोणी ऐकतच नाही. पलीकडच्याला वाटते, कोणी हाक मारलेलीच नाही. ज्यांच्यापाशी नुसती फाइल आहे, ते बटण पुन्हा पुन्हा दाबीत राहतात. सूर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, तोच हाताने तो बदलून दार उघडू शकतो.

म्हणून या फाइलीकडे दप्तर म्हणून पाहावे. तिच्या नावात तारीख असावी. प्रत्येक ओळीच्या शेऱ्यात स्थळ असावे आणि ती ओळ शेवटची केव्हा प्रत्यक्ष ऐकून पडताळली, याची नोंद असावी. उसनी घेतलेली ओळ ऐकून खात्री होईपर्यंत कच्चीच समजावी. बेळगावहून घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्याला अलीकडचा रिपीटर ऐकू येईनासा होतो. त्याच्या यंत्रात पुढील मुलखाच्या ओळी आधीच असाव्यात, पण वाटेल तेवढ्या नसाव्यात, कारण १२८ जागा भरल्या म्हणजे १२८ गोष्टी समजल्या असे होत नाही. संगणक बंद पडतो, तार हरवते. म्हणून मुख्य दहा-बारा ओळी कागदावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवाव्यात. आणि वर्षातून एकदा तरी फाइलीशिवाय, केवळ बटणांनी, एक चॅनेल पूर्णपणे भरून पाहावा. ज्याला ते करता येते, त्याचीच फाइल विश्वासाची.